‘भावना दुखावल्या’ हे ठरवायचं कोणी? उंब्रजमधल्या एका नास्तिक मुलीने लावलेला हिशेब

गेल्या पौषातली गोष्ट. पालच्या खंडोबाची यात्रा भरली होती. ज्यांना पाल माहिती नाही त्यांच्यासाठी : कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठावरचं हे गाव, आमच्या उंब्रजपासून जवळच. दर पौषात तिथं खंडोबा आणि म्हाळसाचं लग्न लागतं. लाखो माणसं येतात, ‘येळकोट येळकोट’चा गजर होतो, भंडारा-खोबरं उधळलं जातं आणि संध्याकाळी परतताना प्रत्येकाचे कान, केस, शर्टाची कॉलर सगळं पिवळं असतं. मी लहानपणापासून जाते. देव मानणं कॉलेजात असताना सुटलं, यात्रा सुटली नाही.

त्या दिवशी मी पिवळ्या हातांचा फोटो टाकून व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं : ‘मी देव मानत नाही, पण ही यात्रा चुकवत नाही. देवाचं लग्नसुद्धा शेवटी माणसांनाच लावावं लागतं.’

पंचवीस मिनिटांत चुलत्यांचा फोन आला.

“ते स्टेटस काढ आदी. ग्रुपवर पोरं तापल्याती. भावना दुखावल्या म्हणत्यात.”

“कुणाच्या, अण्णा?”

“आगं, सगळ्यांच्या.”

मी स्टेटस काढलं. मास कम्युनिकेशनची डिग्री, घटनेच्या कलम १९ वर लिहिलेली असाइनमेंट, सगळं बाजूला राहिलं. पण अण्णांचा तो शब्द डोक्यातून जाईना. ‘सगळ्यांच्या’ म्हणजे नेमक्या किती जणांच्या? आणि एखाद्याच्या भावना दुखावल्या की नाही, हे मोजायचं माप कायद्यात कुठलं आहे? शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे मापं दोन आहेत. एक कोर्टात चालतं, दुसरं रस्त्यावर.

आधी कायदा बघू

आपण ज्याला ‘भावना दुखावल्याचा गुन्हा’ म्हणतो ते जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम २९५अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हेच कलम तिथे २९९ या नंबरवर आलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन मागायला कोर्टात जावं लागतं.

हे कलम इंग्रजांच्या मूळ संहितेत नव्हतं. १९२७ साली घातलं गेलं. लाहोरमधल्या एका प्रकाशकाने पैगंबरांविषयी बदनामीकारक पुस्तिका छापली होती. त्या वेळच्या कायद्यात ते बसत नाही म्हणून लाहोर हायकोर्टाने त्याला सोडलं. त्यावरून इतकं वातावरण तापलं की सरकारने नवीन कलमच आणलं. केंद्रीय कायदेमंडळात यावर चर्चा झाली तेव्हा धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना या कलमाचा त्रास होता कामा नये, असं बजावणाऱ्यांत महम्मद अली जिना होते. (हो, तेच.) ही काळजी घेण्यासाठी कलमात दोन शब्द ठेवले : हेतू ‘जाणूनबुजून’ आणि ‘द्वेषबुद्धीचा’ असला पाहिजे. तो प्रकाशक मात्र वाचला नाही. १९२९ मध्ये त्याचा खून झाला.

हे दोन शब्द आजही तिथेच आहेत. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं तेही त्यांच्याच आधारावर. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीवरची केस रद्द झाली तीही त्यामुळेच. एका बिझनेस मासिकाने मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, हातात वेगवेगळ्या ब्रँडच्या वस्तू. नकळत किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

आता माझं स्टेटस घ्या. त्यात द्वेषबुद्धी कुठे होती? मी त्याच यात्रेत उभी होते, भंडाऱ्यात न्हाऊन.

नागपूरचं माप

अण्णांच्या ‘सगळ्यांच्या’ला कोर्टाकडे थेट उत्तर आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेलं आहे. स्वातंत्र्याच्या थोडं आधी नागपूर हायकोर्टात भगवतीचरण शुक्ल यांचा खटला चालला. त्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम मोजताना समजूतदार, खंबीर मनाचा, धीट माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा. कशानेही डळमळणारा, प्रत्येक टीकेत धोका बघणारा माणूस हे माप धरायचं नाही.

ही कसोटी नंतर अनेक निकालांत आली. आपल्या भागाशी संबंधित एक सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने कलम ३७० रद्द केल्याच्या निषेधाचं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, सोबत १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही. हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला, दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचा. मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठात तो रद्द केला. नागपूरची कसोटी तिथे पुन्हा वापरली गेली.

याच खंडपीठाने २८ मार्च २०२५ ला खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द केला. त्यात कलम २९९ सुद्धा लावलेलं होतं. त्या निकालातली एक गोष्ट सोशल मीडियावर असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत एफआयआर घेण्याआधी पोलीस १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यासाठी डीवायएसपींची परवानगी लागते. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हा मार्ग वापरला पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं. शिवाय कलम २९९ आणि तेढीचं कलम १९६ यांत सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कोर्ट खटल्याची दखलच घेऊ शकत नाही.

कागदावर बघितलं तर नास्तिकाला किंवा कुठल्याही टीकाकाराला पुरेसं संरक्षण आहे. अडचण अशी की सरकारची परवानगी खटल्याच्या टप्प्यावर लागते, अटकेच्या नाही. हातकणंगल्याच्या प्राध्यापकाचा शब्द गुन्हा नव्हता, हे ठरायला प्रकरण दिल्लीपर्यंत जावं लागलं. उंब्रजमधून दिल्लीपर्यंत केस लढायची ऐपत किती जणांची आहे?

आणि रस्त्यावरचं माप

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने बंदबद्दल प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली, मैत्रिणीने ती लाईक केली. दोघींना अटक झाली. जमावाने तिच्या काकांचा दवाखाना फोडला. पोस्टमध्ये धर्माचं अक्षर नव्हतं, तरी गुन्ह्यात सुरुवातीला २९५अ लावलं होतं. नंतर ते बदललं आणि आयटी कायद्याचं ६६अ राहिलं, जे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्दच केलं. कुठलं कलम लावायचं हे पोस्ट वाचून ठरलं नव्हतं. पोलीस ठाण्याबाहेर किती लोक उभे आहेत हे बघून ठरलं होतं, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण घराजवळचं आहे आणि ते लिहिताना मला अजून जड जातं. खटाव तालुक्यातलं पुसेसावळी. आमच्याकडून मसूरच्या बाजूने पूर्वेला गेलं की लागतं. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आक्षेपार्ह पोस्टच्या कारणावरून तिथे जमाव जमला. प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, घरं-दुकानं-गाड्या जाळल्या गेल्या, एका तरुणाचा जीव गेला. त्याचा त्या पोस्टशी काय संबंध होता, हे विचारायला जमाव थांबला नाही. जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. पोस्ट खरंच कोणी टाकली, अकाउंट हॅक झालं होतं का, यावर नंतर बरीच चर्चा झाली.

पुसेसावळीनंतर माझे नास्तिक असलेले काही मित्र म्हणाले, ‘बघ, धर्म हे असंच करतो.’ मला ते अर्धंच पटलं. श्रद्धा तर पालच्या यात्रेतल्या म्हातारीचीही असते, ती काही कोणाचं दुकान जाळायला जात नाही. त्या रात्री कामाला आलेली गोष्ट वेगळी होती : अपमान झाला आहे आणि त्याचा निकाल आत्ताच, आपणच लावायचा, ही खात्री. अशी खात्री धर्माच्या नावावर येते, जातीच्या, नेत्याच्या, महापुरुषाच्या नावावरही येते. पालघरला ती नेत्याच्या नावावर आली होती.

या मापात नास्तिकाची किंमत शून्य आहे. त्याच्यामागे जमावच नसतो. कीर्तनात, भाषणात ‘देव न मानणारे नरकात जातील’ असं मी कितीतरी वेळा ऐकलंय. माझ्या भावना दुखावल्या म्हणून मी कधी पोलीस ठाण्यात गेले नाही, जाणारही नाही. त्यांना ते म्हणायचा हक्क आहे. फक्त तोच हक्क वळून माझ्याकडे येत नाही, एवढीच तक्रार.

हे आपल्याकडे नवीन नाही

कराडजवळ कृष्णेच्या काठावर टेंभू आहे. आज ते नाव घेतलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर तिथे जन्मले. घरची गरिबी, शिक्षणासाठी वणवण, मग पुण्यात ‘केसरी’चे पहिले संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. तेव्हा ते सगळ्यांचे हिरो होते. पुढे धर्म आणि रूढी यांवर लिहायला लागले, टिळकांशी बिनसलं, १८८८ मध्ये स्वतःचा ‘सुधारक’ काढला. मग त्याच पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सरकारवर लिहिलं म्हणून जेल मिळाली आणि त्यातून मान वाढला. समाजावर लिहिलं तर तिरडी मिळाली.

शंभरेक वर्षांनी साताऱ्यातल्याच एका डॉक्टरने ते काम पुढे नेलं. नरेंद्र दाभोलकर. मिरजेला मेडिकल, कबड्डीतलं मोठं नाव, साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, पुढे ‘साधना’चं संपादन. ते स्वतः नास्तिक होते, पण समितीला त्यांनी नास्तिकांची संघटना होऊ दिलं नाही. देव मानणारा कार्यकर्ताही तिथे चालायचा. विरोध श्रद्धेला नाही, श्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या शोषणाला, ही भूमिका ते गावोगाव सांगत फिरले. कडवे नास्तिक त्यांना यावरून बोलही लावायचे.

ज्या कायद्यासाठी ते अठरा वर्षं झगडले तो वाचून बघा. जादूटोणाविरोधी कायदा. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकार आहेत : भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, नरबळी, चमत्काराच्या नावाने फसवणूक आणि लुबाडणूक, असे. आणि यात्रा, प्रदक्षिणा, पूजा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे पालची यात्रा दाभोलकरांच्या कायद्याने सुरक्षित ठेवली आहे. तरी ‘हे वारी बंद करणार’ असा प्रचार वर्षानुवर्षं चालला. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. चार दिवसांत सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. एका माणसाच्या जिवाच्या बदल्यात.

१० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप दिली. वीरेंद्रसिंह तावडे, संजीव पुनाळेकर आणि विक्रम भावे पुराव्याअभावी सुटले. गोळ्या झाडणारे कोण हे ठरलं. त्यांना कोणी पाठवलं, हे अकरा वर्षं घेऊनही ठरलं नाही.

‘तुम्ही फक्त हिंदूंवरच का बोलता?’

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून इथेच घेते. पहिलं उत्तर : मी हिंदू घरात वाढले, जिथे वाढले तिथलं मला माहिती आहे. दुसरं उत्तर म्हणजे हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लीम महिलांचा मोर्चा घेऊन ते तोंडी तलाकविरोधात मुंबईत विधानसभेवर गेले. १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्याच समाजातून त्यांना काय काय ऐकावं लागलं, हे वेगळं सांगायला नको. १९७७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कुठलाही धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. आपापल्या घरातून सुरुवात करणारे असेच एकटे असतात.

आणि एक गोष्ट आमच्या बाजूच्या लोकांनाही सांगायची आहे. दुसऱ्याच्या, त्यातही संख्येने कमी असलेल्या समाजाच्या देवाची टिंगल करायची आणि ‘मी विवेकवादी’ म्हणायचं, हे मला धाडसाचं वाटत नाही. कायदा ते कदाचित चालवून घेईल. पुसेसावळीच्या रस्त्यावरून जाणाऱ्याने दोनदा विचार करावा.

धर्म ‘नाही’ असं लिहिता येतं का?

येतं. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने रणजित मोहिते यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. याचिकाकर्त्यांना राजपत्रात ‘ख्रिश्चन’ ऐवजी ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद हवी होती आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली होती. कोर्ट म्हणालं, कलम २५ मध्ये धर्म न मानण्याचंही स्वातंत्र्य आहे आणि सरकार कोणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी याच हायकोर्टाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला होता. शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला त्याने नकार दिला, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली होती. दोन्ही निकालांत खंडपीठावर न्या. अभय ओक होते. हातकणंगल्याच्या निकालातलं नाव आठवलं का? तेच.

हे आत्ता महत्त्वाचं आहे कारण जनगणना आली आहे. लोकांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आणि प्रगणक दारात येऊन धर्म विचारणार. २०११ ला देशात सुमारे २८.७ लाख लोकांच्या धर्माची नोंद ‘सांगितला नाही’ अशी झाली. स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणवणारे ३३ हजारांच्या आसपास होते, त्यातले नऊ हजारांहून जास्त महाराष्ट्रातले. आगरकर आणि दाभोलकरांच्या राज्यात नऊ हजार. खरा आकडा यापेक्षा कितीतरी मोठा असणार, पण घरातला कर्ता माणूस सगळ्यांचा धर्म एकाच दमात सांगून मोकळा होतो.

आमच्याकडे तो कर्ता माणूस म्हणजे अण्णा. परवा जेवताना मी त्यांना विचारलं, “प्रगणक आला तर माझ्या नावापुढं काय सांगणार?”

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “तू त्या दिवशी घरी ऱ्हा. तुझं तू सांग.” आणि भाकरी मोडता मोडता, “आन् यंदा पालला येणार का न्हाईस? गाडीत जागा धरून ठेवतो.”

मी हो म्हटलंय. स्टेटसचं अजून ठरलं नाही.